दुपारी इंजिन तापलं की ऑईलची बत्ती लागते. मिस्त्री म्हणतो इंजिन खोला. खोलू का?

अरुणावतीकाठ · २ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी आर्णी तालुक्यातला. माझ्याकडे एक बॅकहो लोडर आहे (पुढे बकेट, मागे खोदायचा हात), चार सिलिंडर टर्बो इंजिन, आवर मीटर ७,८०० वर. तिसऱ्या मालकाकडून मी घेतला, म्हणजे मी चौथा. सध्या दोन गावांत नाला खोलीकरणाचं काम घेतलंय. मृगाचा पाऊस पडायच्या आत दोन्ही नाले मोकळे करून द्यायचा शब्द दिला आहे.

सकाळी ६ वाजता मशीन लावतो तेव्हा काही त्रास नाही. ११ पर्यंतही नाही. दुपारी दीड-दोनच्या पुढे इंजिन चांगलं तापलं आणि स्लोवर, म्हणजे बिनरेसचं, आणलं, की ऑईल प्रेशरची लाल बत्ती लुकलुकते आणि बझर ओरडतो. थोडी रेस दिली की बत्ती जाते. इंजिनाला वेगळा आवाज नाही, धूर नेहमीचाच. ऑईल १५-डब्ल्यू-४०, फिल्टरसकट १८० तासांपूर्वी बदललेलं.

तालुक्याच्या मिस्त्रीने पाच मिनिटं कान लावला आणि म्हणाला, "क्रँकचे बेअरिंग गेले, हाफ इंजिन करावं लागते." म्हणजे इंजिन खोलून आतली दुरुस्ती. अंदाज १ लाख ६० हजार, आणि ८ ते १० दिवस मशीन उभी. मे महिन्यात १० दिवस मशीन उभी राहिली तर हप्ता कुठून भरू? पण बत्ती लागलेली असताना चालवायचीही भीती वाटते. रात्री झोप लागत नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा.


पांढरकवडा पोट्टा · २ मे, रात्री १०:०५

भाऊ, ऑईल मोजाची पट्टी पायली का? सपाट जागेवर, इंजिन बंद करून, पंधरा मिनिटं थांबून? आमच्याइकडं निम्मे जन इंजिन बंद केल्या केल्या पट्टी काढते अन् ऑईल कमी हाय म्हनून वरून वततेत.


अरुणावतीकाठ · २ मे, रात्री १०:१२

पाहिली. रोज सकाळी मीच पाहतो. वरच्या खुणेच्या जरासं खाली. पाणी मिसळल्यासारखं दुधाळ नाही, डिझेलचा वासही नाही.


खाणीतला फिटर · २ मे, रात्री ११:३०

अरुणावतीकाठ, मी कोळसा खाणीच्या वर्कशॉपात २६ वर्षं काढली. डंपर, डोझर, शॉवेल, सगळ्यांची इंजिनं या हातांखालून गेली. आधी एक विनंती. प्रेशर मोजल्याशिवाय चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा, एक बोल्टही सैल करू देऊ नका. तुमच्या मिस्त्रीचं निदान खरंही निघेल, पण त्याने ते कशावरून केलं? ऐकून. बेअरिंग ऐकू यायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि तुम्ही तर म्हणता आवाजच नाही.

प्रेशर म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना लगेच कळेल. मोटार पाणी ढकलते. नळीत दाब येतो तो ड्रिपर पाणी अडवून धरतात म्हणून. शेवटच्या झाडाला पाणी पोचत नसेल तर काय काय झालेलं असू शकतं? विहिरीत पाणी कमी असेल. फूटव्हॉल्व्हची जाळी चोंदली असेल. सक्शनला हवा घेत असेल. मोटार झिजली असेल. बायपासचा कॉक उघडा राहिला असेल. किंवा लॅटरलला उंदरांनी भोकं पाडली असतील. इंजिनातही हेच. चेंबरमधलं ऑईल, स्ट्रेनरची जाळी, सक्शन पाइपची सील, पंपाचे गिअर, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, आणि सगळ्यात शेवटी बेअरिंगमधली वाढलेली फट. तुमचा मिस्त्री सरळ शेवटच्या भोकावर गेला.

इंजिनात आणखी एक गोष्ट आहे जी ठिबकात नसते. पाणी तापून एवढं पातळ होत नाही, ऑईल होतं.

आता काम सांगतो. ० ते १० किलोचा (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो) साधा काट्याचा प्रेशर गेज आणा. प्रेशर स्विच काढा आणि त्याच भोकात बरोबर आट्याचा अडॅप्टर लावून गेज जोडा. नळी हायड्रॉलिकचीच वापरा. प्लास्टिकची बारीक नळी टर्बोजवळ वितळून फुटली तर तापलेलं ऑईल लाल टर्बोवर जातं आणि मशीन पेटते. मी एक डंपर असा जळताना पाहिलाय.

चार रीडिंग घ्या. थंड इंजिन स्लोवर, थंड फुल रेसवर, मग दुपारी बत्ती लागते त्याच वेळी स्लोवर आणि फुल रेसवर. कुणाकडे तापमानाची गन असेल तर फिल्टरच्या बुडाशी धरून तोही आकडा लिहा. सोबत तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात किमान किती लिहिलंय तेही बघा. यातल्या बहुतेक इंजिनांना गरम स्लोवर ०.७ किलो, म्हणजे १० पीएसआय आणि फुल रेसवर २ किलोच्या वर लागतं, पण तुमच्या पुस्तकातला आकडा तोच खरा.

मोजेपर्यंत बत्ती लागली की मशीन स्लोवर चालू ठेवून चहाला जाऊ नका.


गिट्टीवाला · ३ मे, सकाळी ७:१५

काका मोठे आहेत, पण मी वेगळं सांगतो. माझं क्रशर आहे, चार मशिनी आहेत. एप्रिल लागला की सगळ्यांत जाड ऑईल, २०-डब्ल्यू-५० टाकतो, दिवाळीनंतर परत १५-४०. सात वर्षं झाली, एकाही इंजिनाला हात लावला नाही. ४५ डिग्रीत पातळ ऑईल टिकत नाही. यांनी फक्त ऑईल बदलावं, ३ हजारांत काम होईल.


यंत्रवेडा · ३ मे, सकाळी ९:४०

गिट्टीवाला भाऊ, तुमच्या इंजिनांच्या पुस्तकात ४० च्या वरच्या हवेसाठी २०-५० चालतं असं लिहिलं असेल तर तुम्ही चूक करत नाही. बऱ्याच पुस्तकांत हवेच्या तापमानाचा तसा तक्ता असतो. पण इथे प्रश्न बत्ती लागायला कशामुळे लागली हा आहे. मागच्या मेमध्ये याच ऑईलवर हीच मशीन चालली असेल आणि बत्ती लागली नसेल, तर वर्षभरात काहीतरी बदललंय. जाड ऑईल टाकलं की काटा वर चढेल आणि ते जे काही बदललंय ते तसंच आत राहील. जाळी चोंदलेली असली तर जाड ऑईल पहाटे अजूनच कमी ओढलं जाईल, आणि उपाशी पहिला टर्बो मरतो.

अरुणावतीकाठ, मागच्या उन्हाळ्यात बत्ती लागत होती का?


गिट्टीवाला · ३ मे, सकाळी १०:०२

पुस्तकं सावलीत बसून लिहितात. आमची मशीन दगडावर तापते. तरी मोजायला माझी ना नाही. गेज माझ्याकडे आहे. आर्णीला येणारा कुणी असेल तर पाठवतो.


अरुणावतीकाठ · ३ मे, दुपारी १:२०

मागच्या उन्हाळ्यात नव्हती लागत. याच ऑपरेटरच्या हाताखाली, याच ऑईलवर. गिट्टीवाला भाऊ, गेज नक्की पाठवा. दिग्रसहून माझा साळा येतो आहे.


लिव्हरवाला · ३ मे, रात्री ८:३०

मी ऑपरेटर हाय. मालक लोकायले एक सांगाचं हाय. नाल्याच्या काठावर मशीन कधीच सपाट नसते. मागचे जॅक खाली, तोंड वर, नाहीतर एक बाजू खड्ड्यात. ऑईल चेंबरच्या एका कोपऱ्यात जाते अन् जाळी उघडी पडते. मंग काटा थरथरते अन् बत्ती लागते. मले दोनदा असं झालं, दोनी टायमाले ऑईल दोन लिटर कमी होतं. सपाटीवर आनली का बत्ती गायब.

तुमची बत्ती सपाटीवर बी लागते का काठावरच, हे ऑपरेटरले इचारा. थो दिवसभर तिथंच बसून रायते, त्याले सगळं माहीत असते. पन त्याले कोनी इचारतच नाही. डायरेक म्हनते, तूच रगडली मशीन. दुपारी केबिनमंधी एसी नसला तर अंगाची लाही होते, एसी चालू ठिवा तर मालक डिझेल मोजते. कराव काय मानसानं?


अरुणावतीकाठ · ३ मे, रात्री ९:१०

विचारलं. तो म्हणतो सपाटीवरही लागते, धाब्यासमोर उभी असतानाही. उतारावर वेगळं काही नाही. तुमचं बरोबर आहे भाऊ, पहिल्या दिवशीच विचारायला पाहिजे होतं. एसीवरून मी कधी बोललो नाही, त्यालाच विचारून बघा.


हिशेबाची वही · ४ मे, सकाळी ६:५०

आमच्या घरी तीन मशिनी आहेत, त्यांचं सगळं लिहिणं माझ्याकडे. हे लिहायला जड जातं, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

२०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या पोकलेनला अशीच बत्ती लागायची. आधी दोनदा स्विच खराब निघाला होता. तिसऱ्यांदा लागली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, परत स्विचच असेल, काम संपू दे मग बघू. बझरचा त्रास नको म्हणून वायर काढून ठेवली. नवव्या दिवशी इंजिन जाम झालं. क्रँक निळी पडली होती, एका कनेक्टिंग रॉडने ब्लॉक फोडला. चेंबर उघडलं तर स्ट्रेनरच्या जाळीवर सिलिकॉन पेस्टच्या लांब लांब शेवया अडकलेल्या. दोन वर्षांपूर्वी चेंबरचं पॅकिंग बदलताना कुणीतरी पेस्ट अघळपघळ लावली होती. आत पिळून आलेली पेस्ट हळूहळू सुटत गेली आणि जाळी भरत गेली. जाळी साफ करायला एक दिवस लागला असता. ते इंजिन आम्ही अजून फेडतो आहोत.

म्हणून सांगते, बत्ती खोटी आहे असं गेजने दाखवल्याशिवाय मानू नका. आता मी रोज दोन आकडे लिहिते, किती तास चालली आणि किती ऑईल वरून टाकलं. महिन्याचं पान बघितलं की मशीन स्वतःच बोलते.


पांढरकवडा पोट्टा · ४ मे, सकाळी ७:३०

ताई, वाचून पोटात गोळा आला. आमच्या मशीनचं पॅकिंग मागच्याच महिन्यात केलं. आजच मिस्त्रीले इचारतो पेस्ट किती लावली म्हनून.


वायरिंगवाला पुसद · ४ मे, दुपारी १२:४५

ताईंच्या म्हणण्याला जोडून विजेची बाजू सांगतो, कारण निम्म्या बत्त्या खरंच आमच्या खात्यातल्या असतात.

साधा एक वायरचा स्विच असेल तर चावी लावल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, बत्ती लागलीच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब नाहीतर वायर गेलेली आहे आणि तुम्ही आंधळे चालवताय. मग स्विचची वायर काढा. बत्ती विझली पाहिजे. तरीही लागून राहिली तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकली आहे. बॅकहोत ही जागा बहुतेक वेळा इंजिन आणि केबिनमधल्या फायरवॉलच्या रबरापाशी असते. सोयाबीनच्या गोडाऊनजवळ मशीन उभी राहत असेल तर उंदीर बघा. मी उमरखेडच्या एका मशीनमधून हार्नेसमध्ये केलेलं अख्खं घरटं काढलंय, पिल्लांसकट.

तीन वायरचा सेन्सर असेल तर काम वेगळं. एका वायरवर ५ व्होल्ट, एक अर्थिंग, एकावर सिग्नल. त्याच्या कनेक्टरमध्ये ऑईल झिरपलेलं असेल तर सेन्सर आतून गेला समजा.

आणि स्विचवर कोरलेला आकडा वाचा. किती बारला बत्ती लावायची ते त्यावर असतं. दुकानदार आटे जुळले की देऊन टाकतो, आकडा कुणी बघत नाही.


कपाशी आणि तूर · ४ मे, रात्री ९:२०

विषय थोडा वेगळा आहे, माफ करा. माझ्याकडे मशीन नाही, ट्रॅक्टर आहे. याच धाग्यातल्या लोकांनी मागच्या वर्षी आमचा नाला खोल केला असेल कदाचित! विहिरीला फेब्रुवारीतही पाणी होतं, पहिल्यांदा. त्याबद्दल धन्यवाद.

तर माझ्या ट्रॅक्टरचं ऑईल कमी होतच नाही. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर लिटर-लिटर खातो. माझ्या पट्टीवर तर उलट बोटभर वर चढलंय. इंजिन चांगलं असल्याचं लक्षण समजू ना?


खाणीतला फिटर · ४ मे, रात्री ९:२६

कपाशी आणि तूर, ट्रॅक्टर आत्ता बंद करा आणि उद्या सुरू करू नका. ऑईल आपोआप वाढत नाही. त्यात डिझेल किंवा पाणी येतंय. पट्टीवरचा थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाका आणि रात्रभर ठेवा. मध्ये काळा डाग आणि भोवती पसरट फिकट कडं आलं तर डिझेल. पट्टीचा वासही घ्या. दुधाळ असेल तर पाणी. डिझेल असेल तर फीड पंपाचा पडदा, इंजेक्शन पंपाच्या शाफ्टची सील किंवा थेंब गाळणारा नोझल, यातलं एक. डिझेल मिसळलेलं ऑईल बेअरिंगला धरून ठेवत नाही.


कपाशी आणि तूर · ४ मे, रात्री ९:३१

बापरे. थेंब टाकला. सकाळी सांगतो.


अरुणावतीकाठ · ६ मे, रात्री १०:४०

गेज लागला. गिट्टीवाला भाऊंचे मनापासून आभार, ओळख ना पाळख आणि गेजसोबत दोन अडॅप्टरही पाठवले.

सकाळी ६ ला, थंड : स्लोवर ३.४ किलो. फुल रेसवर ४.२, आणि तिथेच थांबतो, पुढे जात नाही.
दुपारी ३ ला, बत्ती लागत असताना : स्लोवर ०.५५ किलो. फुल रेसवर २.७.
काटा कुठेही थरथरला नाही. सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांत प्रेशर येतं.
फिल्टरच्या बुडाशी ११८ डिग्री. पाण्याचा काटा लाल पट्टीच्या जरा अलीकडे.
पुस्तकात गरम स्लोवर किमान ०.७ आणि फुल रेसवर २.१.

म्हणजे स्लोवर खरंच कमी आहे. मिस्त्री म्हणाला, "बघा, मी सांगितलं होतं." उद्या खोलू म्हणतो.


खाणीतला फिटर · ६ मे, रात्री ११:१५

थांबा. उद्या काही खोलायचं नाही. या आकड्यांनी बरंच सांगितलंय.

थंड असताना ४.२ वर काटा थांबतो म्हणजे पंप भरपूर ऑईल देतोय आणि रिलीफ व्हॉल्व्ह वेळेवर उघडतोय. व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला असता तर सकाळीही प्रेशर आलं नसतं. काटा थरथरत नाही म्हणजे सक्शनला हवा नाही. गरम फुल रेसवर २.७ आहे, पुस्तकापेक्षा चांगलं वर. बेअरिंग खरंच गेले असते, किंवा पिस्टन थंड करणारा एखादा जेट निखळला असता, तर फुल रेसवरही काटा लोळला असता. ७,८०० तासांची थोडी झीज असणारच, ती मी नाकारत नाही.

राहिलं ते ११८ डिग्री. आणि गन बाहेरचं लोखंड मोजते, आतलं ऑईल त्याहून गरमच असतं. काम करणाऱ्या इंजिनाचं ऑईल १०० ते १०५ च्या आसपास असावं. पाण्याचा काटाही वर आहे. मला इंजिनाच्या आतपेक्षा पुढच्या रेडिएटरचा संशय येतोय. हिवाळ्यात मशीन कुठे होती?


यंत्रवेडा · ६ मे, रात्री ११:५०

काकांच्या मुद्द्याला आकडा जोडतो. साधारण १५-४० ची जाडी १०० डिग्रीला १४ सेंटीस्टोक्सच्या आसपास असते. १२० ला तेच ऑईल साडेनऊच्या जवळ येतं. वीस डिग्रीत तिसरा हिस्सा जाडी गेली. स्लोवर पंप हळू फिरतो, ऑईल थोडं येतं आणि पातळ असल्यामुळे तेवढ्याच फटीतून जास्त निसटतं. म्हणून फटका सगळ्यात आधी गरम स्लोवर बसतो. फुल रेसवर पंप ती तूट भरून काढतो.


अरुणावतीकाठ · ७ मे, सकाळी ६:१०

डिसेंबर ते फेब्रुवारी एका जिनिंगमध्ये भाड्याने होती. कापसाचे ढीग सारायला आणि सरकी भरायला. रेडिएटर तेव्हा रोज हवा मारून साफ करत होतो. बाहेरून आताही स्वच्छ दिसतो.


गिट्टीवाला · ७ मे, सकाळी ६:२५

जिनिंग!! भाऊ, हे पहिल्या दिवशी सांगायचं ना. माझी एक मशीन एक हंगाम जिनिंगला होती. रेडिएटर बाहेरून स्वच्छच दिसतो. पुढे एसीचा कंडेन्सर, मग ऑईल कूलर, मग रेडिएटर, असे एकामागे एक असतात. रुई पहिल्या जाळीतून आत जाते आणि दोघांच्या मधल्या फटीत गादीसारखी बसते. तुम्ही पुढून हवा मारली की ती अजून घट्ट दाबली जाते. बोल्ट काढून कूलर पुढे ओढा आणि मधे बॅटरी मारून बघा. मी माझं २०-५० चं म्हणणं मागे घेतो. आधी हे करा.


लिव्हरवाला · ७ मे, सकाळी ६:४०

हवा मांगून मारा, पंख्याच्या बाजूनं, बाहेरच्या दिशेनं. पाइप जवळ नका नेऊ, पट्ट्या वाकतेत. अन् आधी पानी नका मारू. रुई भिजली का कागदासारखी चिकटते, मंग काड्यानं टोकरत बसा. कोरडी रुई काढा, मंग पानी.


हिशेबाची वही · ७ मे, सकाळी ८:१५

आणि एका वेळी एकच गोष्ट करा. प्रत्येक गोष्टीनंतर रीडिंग लिहा. मिस्त्रीला बोलावणारच असाल तर त्याच्या हातात आधी हा कागद द्या. माणूस वाईट नसतो, त्याला कुणी आकडे दिलेले नसतात.


अरुणावतीकाठ · ९ मे, रात्री ९:३०

मंडळी, काय लिहू. कूलर पुढे ओढला तर मधे बोटभर जाडीचा थर. पांढरा नाही, काळपट तपकिरी, रुई, धूळ आणि सोयाबीनचं कुटार एकात एक विणलेलं. घमेलं भरून निघालं. फोटो टाकलाय. माझा मिस्त्रीही येऊन पाहून गेला. बराच वेळ उभा राहिला, मग त्यानेच आपल्या हातांनी पट्ट्या सरळ केल्या आणि पैसे घेतले नाहीत.

आज दुपारी ३ ला : फिल्टरपाशी १०५ डिग्री. स्लोवर ०.७५, फुल रेसवर २.९.
मग जुनं ऑईल तापून तापून खराब झालं असेल म्हणून तेच १५-४० नवीन टाकलं, फिल्टर नवीन. परत तापवून रीडिंग : स्लोवर ०.८५, फुल रेसवर ३.१.

पण एक गोष्ट कळत नाही. प्रेशर पुस्तकापेक्षा वर आहे. स्विच टी (तीन तोंडांचा जोड) लावून गेजसोबतच बसवलाय. ०.८५ असतानाही बत्ती लुकलुकते.


वायरिंगवाला पुसद · ९ मे, रात्री ९:४१

स्विचवरचा आकडा?


अरुणावतीकाठ · ९ मे, रात्री १०:०५

बॅटरी घेऊन पाहिला. १.० बार. दिवाळीच्या वेळी बदलला होता, दुकानदाराने हाच लागतो म्हणून दिला. पार्ट बुकमध्ये ०.५ बारचा आहे. थंडीत स्लोवरही प्रेशर १ च्या वर राहत असेल म्हणून लक्षात आलं नाही.


वायरिंगवाला पुसद · ९ मे, रात्री १०:०९

मग झालं. १ बार म्हणजे गेजवर १.०२ किलो. त्याच्या खाली आलात की तो ओरडणारच. ०.५ चा बसवा.


खाणीतला फिटर · ९ मे, रात्री १०:५०

एक लक्षात घ्या. बरोबर स्विच असता तर परवा ०.५५ वर बत्ती लागलीच नसती. ०.५ बार म्हणजे ०.५१ किलो. तुम्हाला काही कळलं नसतं आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, मशीन १२५-१३० डिग्रीवर चालवत राहिला असता. २०१३ च्या मेमध्ये नागपूरला ४७.९ डिग्री नोंदले गेले, त्या महिन्यात आमच्या खाणीत रेडिएटर चोंदलेल्या मशिनी एकामागून एक बसल्या होत्या. तेव्हा बरोबर स्विच बसवा, पण गेज काढू नका. टी तशीच ठेवा आणि गेज केबिनमध्ये घ्या.

जुना फिल्टर फेकला का? नसेल तर कापून बघा. करवतीने कापू नका, तिचाच चुरा आत पडतो. छिन्नीने कड उघडा, कागद सुरीने काढा, पिळा आणि उन्हात पसरा. चमक दिसली तर चुंबक फिरवा. चुंबकाला लागलं ते लोखंड. लागलं नाही आणि तांबूस दिसलं तर बेअरिंगचा खालचा थर उघडा पडलाय, मग पावसाळ्यात चेंबर उतरवावंच लागेल.


अरुणावतीकाठ · १० मे, संध्याकाळी ७:००

कापला. तांबूस काही नाही. थोडी बारीक राखाडी चमक, चिमटीत मावणार नाही एवढी. काही चुंबकाला लागली, काही नाही.


खाणीतला फिटर · १० मे, रात्री ८:१२

७,८०० तासांना एवढं चालतं. काम संपवा. पुढचं ऑईल २५० तासांनी बदलाल तेव्हा तोही फिल्टर कापा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. चमक वाढली असेल तरच खोलायचं बोलू.


पांढरकवडा पोट्टा · १० मे, रात्री ८:२०

१ लाख ६० हजार वाचले. आता गिट्टीवाला भाऊले सावजीचं जेवन पायजे!


गिट्टीवाला · १० मे, रात्री ८:३३

जेवण नको, गेज परत पाठवा. पांढरकवड्याला पाहिजे म्हणे, पॅकिंगची भीती वाटते त्याला.


अरुणावतीकाठ · ३ जून, रात्री ८:४५

दोन्ही नाले झाले. आज संध्याकाळी पहिला वळवाचा पाऊस पडला, मशीन आता घरी आहे. केबिनमध्ये नवीन गेज लावलाय, ऑपरेटर स्वतःहून दुपारचा आकडा वहीत लिहितो. नवतप्यात सगळ्यात कमी ०.७८ झालं. बत्ती एकदाही नाही. जिनिंगचं काम पुढच्या हंगामात परत घेणार आहे, पण रेडिएटरपुढे बारीक जाळी लावून आणि दर रविवारी कूलर पुढे ओढून.

कपाशी आणि तूर, तुमच्या ट्रॅक्टरचं काय झालं? तुम्ही सकाळी सांगतो म्हणाला होता.


कपाशी आणि तूर · ३ जून, रात्री ९:३०

राहूनच गेलं, माफ करा. कागदावर फिकट कडं आलं होतं, काकांनी सांगितलं तसंच. फीड पंपाचा पडदा फाटला होता. चेंबरमधून निघालेलं ऑईल काडी लावली तर पेटेल असं मिस्त्री म्हणाला. बेअरिंग पाहिले, वाचले आहेत. पडदा, ऑईल आणि फिल्टर बदलले. आता ऑईल बरोबर खुणेवर आहे आणि ट्रॅक्टर पेरणीला तयार आहे. काका, पट्टी रोज पाहू की आठवड्यातून एकदा?


खाणीतला फिटर · ३ जून, रात्री ९:३४

रोज. सकाळी, सुरू करायच्या आधी.